नकाराचा टक्का

परदेशी जायचं घरात ठरलं की हल्ली पहिला प्रश्न तिकिटाचा निघत नाही. ‘कुठला व्हिसा लवकर लागतो?’ हा निघतो. चंद्रपूर, बल्लारपूर, वरोरा, अगदी देसाईगंजपर्यंत हा प्रश्न पोचला आहे आणि त्याचं उत्तरही टक्क्यांत तयार असतं. युरोपवाले शंभरातले पंधरा परत पाठवतात, अमेरिकेवाले सोळा, कॅनडाचं तर नावच काढू नका. आकडे बहुधा खरे असतात. अर्थ मात्र सरसकट चुकीचा लावला जातो, आणि चंद्रपूर-गडचिरोली या आपल्या दोन जिल्ह्यांतल्या माणसाने तो चुकीचा लावला की पुण्या-मुंबईच्या माणसापेक्षा त्याला भुर्दंड मोठा बसतो. अमेरिकेच्या व्हिसाची मुलाखत मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात. भामरागडहून निघालेल्याने आधी गडचिरोली गाठायचं, मग नागपूर, मग रात्रभर रेल्वेत बसायचं. १८५ डॉलर फी आधीच भरलेली, नकार आला तरी ती परत नाही. खिडकीपाशी दोन-तीन मिनिटं उभं राहायचं आणि निकाल घेऊन तेवढाच रस्ता उलटा तुडवायचा.

आधी युरोपचा आकडा घेऊ. २०२४ साली भारतातून शेंगेन व्हिसासाठी ११ लाखांहून जास्त अर्ज गेले, त्यांतले सुमारे १ लाख ६५ हजार नाकारले गेले. म्हणजे १५ टक्के. त्या वर्षी साऱ्या जगाचा नकाराचा टक्काही जवळपास तेवढाच होता, तेव्हा ‘भारतीयांवरच राग’ ही तक्रार निदान या आकड्यावरून तरी करता येत नाही. फी जून २०२४ पासून ८० युरोची ९० झाली. नाकारलेल्या अर्जांची फी जोडली तर एका वर्षात शंभर कोटींच्या वर रुपये भारतीयांनी नकार विकत घेण्यावर घालवले.

पण शेंगेन म्हणजे एकोणतीस देश, आणि टक्का प्रत्येकाचा वेगळा. २०२४ मध्ये माल्टाने जगभरातून आलेल्या अर्जांपैकी एक तृतीयांशाहून जास्त परत पाठवले, तर आइसलँडचा नकार दहा टक्क्यांच्याही खाली राहिला. इथे एजंटचा सल्ला येतो: ‘कमी टक्क्यावाल्या देशाची फाइल लावा, एकदा आत गेलं की फिरा कुठेही.’ नियम असा आहे की मुक्काम जिथे सर्वात जास्त, अर्ज त्या देशाकडे. सगळीकडे सारखाच मुक्काम असेल तर जिथे आधी उतरणार त्याच्याकडे. पॅरिसची पाच रात्रींची हॉटेलं आणि आइसलँडच्या रेक्याविकचा नावाला एक दिवस दाखवणारी फाइल अधिकाऱ्याने कितीतरी वेळा पाहिलेली असते. शिवाय आइसलँडकडे जातो कोण? बहुतेक करून पैसे बाळगून असलेला, आधी दोन-चार देश फिरून आलेला प्रवासी. तो टक्का त्या माणसांचा आहे. त्यांच्या रांगेत जाऊन उभं राहिल्याने आपण त्यांच्यासारखे होत नाही.

अमेरिकेचा आकडा आणखी फसवा. तिथलं परराष्ट्र खातं पर्यटन-व्यवसाय व्हिसाचा नकार दरवर्षी देशवार छापतं. भारताचा टक्का २०१९ मध्ये सत्तावीसच्या वर होता, २०२३ मध्ये अकराच्या आसपास आला आणि २०२४ मध्ये पुन्हा सोळावर चढला. पाच वर्षांत भारतीय माणूस आधी सुधारला आणि मग बिघडला, असं काही घडलेलं नाही. बदलली ती रांग. कोरोनानंतर जुना व्हिसा असलेल्यांना मुलाखतीशिवाय नूतनीकरणाची सवलत मिळाली. असे अर्ज क्वचितच नाकारले जातात, आणि ते ढिगाने आले की सरासरी आपोआप खाली बसते. त्यात हा टक्का ‘सुधारित’ असतो. आधी कागद अपुरे म्हणून थांबवलेला आणि नंतर मंजूर झालेला अर्ज नकारातून वजा होतो. थोडक्यात, आकडा वर्षअखेरीच्या हिशेबाचा असतो. खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसाचं त्या दिवशी काय होईल, ते त्यात नसतं.

कॅनडाचा टक्का तर अर्जदारांविषयी बोलतच नाही, तो ओटावातल्या राजकारणाविषयी बोलतो. ऑगस्ट २०२३ मध्ये भारतीय विद्यार्थ्यांच्या शंभर अर्जांपैकी बत्तीस फेटाळले जात होते. ऑगस्ट २०२५ मध्ये चौऱ्याहत्तर फेटाळले गेले. मधल्या काळात घरांची टंचाई आणि वाढलेली भाडी हा तिथे निवडणुकीचा मुद्दा झाला, जानेवारी २०२४ मध्ये विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा आली, खात्यावर दाखवायची रक्कम दहा हजार डॉलरवरून २०,६३५ वर गेली, खोट्या प्रवेशपत्रांची प्रकरणं निघाली. अर्जही घटले. त्या एका महिन्याचे अर्ज वीस हजारांवरून साडेचार हजारांवर आले. २०२३ चा टक्का पाहून घरचं दोन एकर धान गहाण टाकणाऱ्याच्या हाती २०२५ चा टक्का पडला.

आता जरा हिशेब करू. समजा शंभर अर्ज आले आणि पंधरा नाकारले गेले. त्यांतले साठ लोक आधी परदेशी जाऊन वेळेवर परतलेले, त्यांच्यातले तीन गेले. उरलेले चाळीस पहिल्यांदाच अर्ज करणारे, त्यांच्यातले बारा गेले. सरासरी पंधराच. पण पहिल्या गटाला नकार पाच टक्के आणि दुसऱ्याला तीस. पंधरा टक्के धोका असलेला माणूस या शंभरात एकही नाही. आकडे मी कल्पून घेतले आहेत, पण सरासरी अशीच बनते. छापलेला टक्का पहिल्या खेपेचे किती आणि सरावलेले किती हे सांगत नाही. जिल्हा सांगत नाही, वय सांगत नाही, शेती की नोकरी तेही सांगत नाही. गडचिरोलीतून व्हिसा मागणारा जवळजवळ नेहमीच दुसऱ्या गटातला असतो, आणि सल्ला मात्र त्याला सरासरीच्या आधाराने मिळतो.

सल्ल्याच्या उलट्या टोकाला निराशा असते. ‘आपल्याकडच्यांना कोण देतो व्हिसा?’ कुरखेडा तालुक्यातल्या चिरचाडीचे भास्कर हलामी आश्रमशाळेतून शिकत अमेरिकेत मिशिगनला पीएच.डी. करायला गेले आणि पुढे तिथेच औषध-संशोधक झाले. त्यांनी हा टक्का पाहून बेत ठरवला असता तर कुरखेड्याच्या पुढे सरकले नसते.

टक्क्याच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: हा परत जाईल का? अमेरिकेच्या कायद्यात, २१४ (ब) या कलमात, तो आरोपासारखाच येतो. पर्यटक म्हणून येणारा प्रत्येक जण कायमचा राहायलाच येतो आहे असं धरून चालायचं, आणि तसं नाही हे त्याने सिद्ध करायचं. शेंगेनच्या नकारपत्रावर कारणांच्या चौकटी छापलेल्या असतात. प्रवासाचा हेतू पटला नाही ही एक, मुदत संपण्याआधी परत जाण्याच्या इराद्याविषयी रास्त शंका ही दुसरी. ही भीती हवेतली नाही. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेचं लष्करी विमान बेकायदा शिरल्यामुळे परत पाठवलेल्या १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. त्यांत हरयाणा, गुजरात आणि पंजाब इथली माणसं सर्वाधिक होती. एटापल्लीत तशी वाट दाखवणारा दलालही सापडायचा नाही. पण टक्का पासपोर्टचा असतो, जिल्ह्याचा नसतो. तेव्हा त्या विमानाचं ओझं एटापल्लीकराच्या अर्जावरही चढतं.

मग परत येण्याचा पुरावा कोणता? पगाराची स्लिप, आयकर विवरण, घराचे कागद, बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट, आधीचे शिक्के. वेकोलितून (वेस्टर्न कोलफिल्ड्समधून) निवृत्त झालेलं जोडपं घ्या. पेन्शन, चंद्रपूरच्या तुकूमला घर, मुदतठेव, मुलगा अमेरिकेत कायदेशीर नोकरीवर. नातवंडं बघायला निघालेल्या या दोघांची फाइल अधिकाऱ्याला वाचायला सोपी जाते. नकार त्यांनाही येतो, पण त्यांचं आयुष्य निदान कागदावर बसतं.

आणि धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा)? वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळालेल्या देशातल्या पहिल्या गावांपैकी हे एक. २००९ मध्ये १,८०० हेक्टरांवर जंगलाचा हक्क ग्रामसभेकडे आला. २०१३ मध्ये देवाजी तोफा आणि गावकऱ्यांनी पुढचं पाऊल टाकलं आणि खाजगी शेतजमीनही ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेच्या नावे करायचं ठरवलं. मातीशी इतका बांधलेला माणूस महाराष्ट्रात दुसरीकडे शोधावा लागेल. पण स्वतःच्या नावावरच्या स्थावर मालमत्तेचा पुरावा म्हणून व्हिसाच्या फाइलमध्ये त्याने काय जोडायचं? इतर गावांतल्या वैयक्तिक पट्ट्यांचंही तेच. वनहक्काची जमीन वारसाने मुलाकडे जाते, पण विकता येत नाही, कोणाच्या नावे करूनही देता येत नाही. विकता येत नाही म्हणून तिला बाजारभाव नाही, आणि बाजारभाव नाही म्हणून मूल्यांकनाच्या दाखल्यात ती शून्य. जी जमीन माणसाला सोडून जाताच येत नाही, ती त्याच्या परतण्याचा पुरावा म्हणून सर्वात कुचकामी ठरते. तुकूमचा फ्लॅट मात्र उद्या विकून कोणीही निघून जाऊ शकतो.

बँक स्टेटमेंटचं प्रकरण तर याहून अवघड. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. पहाटे जंगलात जायचं, दुपारी सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर मोजून द्यायचे. मजुरी तेव्हा मिळते. लिलाव स्वतः करणाऱ्या ग्रामसभांत उरलेला पैसा बऱ्याच महिन्यांनी, एकदमच खात्यावर पडतो. धानाचं तसंच. आदिवासी विकास महामंडळाच्या खरेदी केंद्रावर काटा होतो, चुकारा मागाहून येतो, बोनस त्याच्याही मागाहून. आता हे स्टेटमेंट परदेशी वकिलातीतल्या अधिकाऱ्याच्या नजरेने वाचा. पाच महिने खात्यात दीड-दोन हजार, आणि अर्जाच्या तोंडावर अचानक नव्वद हजार जमा. व्हिसाच्या धंद्यात हीच खूण ‘उसने पैसे आणून दाखवले’ याची मानली जाते. वर्षभर घाम गाळून आलेला पैसा आणि सावकाराकडून आठ दिवसांसाठी आणलेला पैसा कागदावर अगदी एकसारखे दिसतात. महिन्याच्या एक तारखेला पगार घेणाऱ्याच्या वाट्याला हा संशय कधी येतच नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की नकाराचा टक्का अर्जदाराची लायकी मोजत नाही. समोरचा देश कोणता पुरावा डोळ्यांनी बघायला तयार आहे, ते तो मोजतो. आणि ही गोष्ट समजून घ्यायला या दोन जिल्ह्यांइतकी चांगली जागा नाही, कारण मंजुरी आणि नामंजुरीचे टक्के इथे गावोगाव अनुभवलेले आहेत. वनहक्काच्या दाव्यांत.

२००६ चा वनहक्क कायदा करणाऱ्यांना माहीत होतं की जंगलातल्या माणसाकडे कागद नसतो, कारण कागद करणाऱ्या खात्याने त्याला पिढ्यान्‌पिढ्या अतिक्रमणदारच ठरवलं होतं. म्हणून नियमांत पुराव्याची व्याख्याच रुंद केली. जुनी विहीर, स्मशान, देवाची जागा, हे पुरावे. गावातल्या म्हाताऱ्यांचं सांगणं लिहून घेतलं की तोही पुरावा. पहिली छाननी गावाची, ग्रामसभेची. दावा फेटाळला तर कारण लेखी द्यायचं, त्यावर अपील. हे सगळं कागदावर सुरेख आहे, प्रत्यक्षात उपविभागीय पातळीवर दावे कसे अडकतात हे इथल्या कोणालाही सांगायला नको. तरी सामूहिक वनहक्कांत गडचिरोली देशात पुढे राहिला. इथली जंगलं काही वेगळ्या मातीची नाहीत. इथे ग्रामसभा जाग्या होत्या, फाइल कशी बांधायची हे शिकवणारे कार्यकर्ते होते आणि काही काळ ऐकून घेणारे अधिकारीही होते. कायदा तोच, टक्के जिल्ह्यागणिक निराळे.

फेटाळणीच्या टक्क्यावर विसंबलं की काय होतं तेही आपण पाहिलं. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ज्यांचे दावे फेटाळले गेले त्यांना जमिनीवरून हटवण्याचा आदेश दिला. फेटाळले म्हणजे खोटे, हे गृहीत धरलेलं होतं. देशभर गदारोळ उठला आणि २८ फेब्रुवारीला तोच आदेश थांबवून न्यायालयाने राज्यांना विचारलं की फेटाळताना रीतसर प्रक्रिया झाली होती का.

व्हिसाच्या दुनियेत हे विचारणारं वरचं कोणी नाही, असलं तर फार लांब आहे. शेंगेनच्या नियमांत अपिलाचा हक्क आहे, पण तो त्या त्या देशाच्या कायद्याने चालवायचा. जर्मनीत वकिलातीकडेच फेरविचार मागण्याची सोपी सोय होती, ती १ जुलै २०२५ पासून बंद झाली. आता थेट तिथल्या न्यायालयात जायचं. दहा दिवसांच्या सहलीसाठी बर्लिनला वकील कोण लावणार? अमेरिकेच्या २१४ (ब) खालच्या नकारावर अपीलच नाही, नवा अर्ज आणि नवी फी. सार्वभौम देशाने कोणाला आत घ्यावं हा त्याचा प्रश्न, हे मला मान्य आहे. परक्याच्या अंगणात जाण्याचा हक्क कोणी मागत नाही. पण फी घेऊन अर्ज तपासणाऱ्याने तो अर्ज खरोखर वाचावा, एवढी अपेक्षा गैर नाही.

ताडोबाच्या मोहर्ली फाटकावर हा प्रश्न उलट्या बाजूने दिसतो. जर्मन किंवा ब्रिटिश पाहुणा घरबसल्या ई-व्हिसा काढून येतो. त्याला मुंबई-दिल्लीच्या खिडकीसारखं काही बघावं लागत नाही. तो परत जाईल का, असं त्याला आपण विचारत नाही, आणि तो जातोच. त्याला वाघ दाखवणाऱ्या गाईडला त्याने प्रेमाने ‘आमच्याकडे या’ म्हटलं, तर गाईडच्या फाइलमध्ये काय लागेल? हंगामी काम, पावसाळ्यात गाभा क्षेत्र बंद, रोखीने मिळणारी बक्षिसी. आमंत्रणपत्र कितीही जिव्हाळ्याचं असो.

तरी बेत आखणाऱ्याने काय करावं? टक्क्यांचे तक्ते बघण्यात घालवायचा वेळ फाइलमधल्या न दिसणाऱ्या गोष्टी दिसत्या करण्यात घालवावा. खात्यावर एकदम पडलेल्या रकमेसोबत धान खरेदीची पावती जोडावी, ग्रामसभेच्या ठरावाची किंवा वाटपाच्या नोंदीची प्रत इंग्रजी भाषांतरासह द्यावी, आणि एका पानाच्या पत्रात सरळ लिहावं की आमच्याकडे पैसा वर्षातून दोनदा येतो, तो असा. वनहक्काचा पट्टा असेल तर तो विकता येत नाही हे लपवू नये, उलट तेच ठळक सांगावं. आत्राम, मडावी, उसेंडी या आडनावांची स्पेलिंगं शाळेच्या दाखल्यात एक, आधारवर दुसरी, पासपोर्टवर तिसरी असतात, ती आधी एक करून घ्यावीत. जन्मतारखेचंही पाहावं. गुरुजींनी सरसकट एक जून टाकलेल्या पिढ्या अजून हयात आहेत. अधिकाऱ्याला पटेलच असं नाही, पण निदान त्याच्यापुढे वाचायला काहीतरी असेल.

आणि एजंटने ‘स्टेटमेंट आपण बनवून देऊ’ म्हटलं की तिथून उठावं. नकार भरून काढता येतो, पुढच्या अर्जात कारण दूर करता येतं. खोटेपणा पुसता येत नाही. कॅनडात त्यासाठी पाच वर्षं दार बंद, ब्रिटनमध्ये दहा वर्षांपर्यंत, अमेरिकेत खास सूट मिळाली नाही तर जन्मभर. आधीचा नकार लपवणं हाही खोटेपणाच, आणि शेंगेन देशांच्या सामाईक नोंदीत तो पाच वर्षं दिसतो.

या भागातले पुष्कळ लोक खरं तर टक्क्यांच्या वाटेला न जाताच परदेशी जाऊन येतात. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपुरात दीक्षा दिली. त्या दीक्षेचा वारसा सांगणारी कुटुंबं आज लुंबिनीला, श्रीलंकेला, थायलंडला जातात. नेपाळला व्हिसा लागत नाही, थायलंडने नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना माफी दिली. या यात्रांचा एक उपयोग सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. श्रीलंकेला किंवा थायलंडला गेलो आणि वेळेवर आलो, असं पासपोर्टवर उमटतं. जमीन, पगार यांच्याविना मिळणारा हा एकच पुरावा आहे. एप्रिल २०२४ मध्ये युरोपीय संघाने भारतीयांसाठी सवलत काढली, तीही याच तत्त्वावर. तीन वर्षांत दोन व्हिसे नीट वापरले असतील तर पुढचा दोन वर्षांचा. चांगली सवलत आहे, पण आत शिरलेल्यांसाठी. पहिल्या खेपेचा माणूस होता तिथेच.

राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती दरवर्षी अनुसूचित जातीच्या पंच्याहत्तर विद्यार्थ्यांना बाहेर पाठवते. त्यांच्या व्हिसाच्या फाइलमागे शासनाचं हमीपत्र असतं, त्यामुळे मुलाच्या घरात काय नाही हा प्रश्न मागे पडतो. कागद नसलेल्या माणसासाठी कोणी जबाबदार उभं राहिलं तर नकार टळू शकतो, हे यावरून दिसतंच. मग दोन वर्षांनी दीक्षान्त समारंभ येतो आणि मूल आई-वडिलांना बोलावतं. बाप रोजंदारीवर, आई रोवणीच्या कामावर, दोघांचे पासपोर्ट कोरे, आणि शासनाचं पत्र त्यांच्यासाठी नाही. दोन माणसांना दहा दिवसांसाठी पाठवतो आहोत आणि ती परत येतील, असं समाजकल्याण खात्याने किंवा गावच्या ग्रामसभेने लिहून द्यायला कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही. ते पत्र अधिकारी मानेल की नाही हे पुढचं. पण ते मागायचं असतं, हेही अजून कोणाला सुचलेलं दिसत नाही.